मानपत्र कोण वाचणार

रविवार, २२ जून २०२५

झाकली मूठ सव्वा लाखाची! आजच्या सभेत अध्यक्ष चिंतामणी हे तीनदा म्हणाले. एकदा सभा सुरू होताना, एकदा चहा आल्यावर, आणि एकदा निघताना, चपला पायात सरकवता सरकवता. बँकेत पस्तीस वर्षं काढली या माणसाने. मूठ झाकण्यापलीकडे काही शिकला नाही.

झालं ते असं. दादरच्या आमच्या उपासना मंडळात दर रविवारी मुलांचा स्तोत्रवर्ग असतो. तो घेतो उन्मेष. सगळे त्याला उन्मेषदादा म्हणतात. मीही म्हणायची. त्या वर्गातल्या एका मुलाच्या आईचं पत्र परवा मंडळात आलं. मुलगा अकरा वर्षांचा. त्याचं नाव मी इथेही लिहिणार नाही. आई परळला एका लॅबच्या काउंटरवर असते, राहते लालबागला. वहीच्या आखीव कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलंय, एक खाडाखोड नाही. म्हणजे आधी कच्चं लिहिलं असणार, मग पक्कं. काय वाटलं असेल तिला, तेच दोनदा लिहिताना! वर्ग सुटल्यावर ‘जादा सरावा’साठी थांबवून उन्मेष त्या पोराशी काय करत होता, ते त्यात आहे. चार महिने. मी ते इथे उतरवत नाही. शेवटी लिहिलंय — ‘आपण सर्व वडीलधारे आहात, योग्य ते कराल ही खात्री आहे.’

मी चिटणीस, म्हणून पत्र मोठ्याने मलाच वाचावं लागलं. दोनदा थांबले. वडीलधारे खिडकीबाहेर बघत होते.

मग चर्चा. कोषाध्यक्ष राजाराम म्हणाले, मुलगी असती तर गोष्ट वेगळी होती. कशी वेगळी, ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही आणि बाकीच्यांना विचारायची. अवधूत वकील म्हणाले, पोलिसांत गेलं तर त्या मुलाचंच नाव जन्मभर खराब होईल. हा कायद्याची सनद घेतलेला माणूस! उन्मेषला चिंतामणींनी काल फोनवर विचारलं होतं म्हणे. तो रडला. ‘फार रडला हो,’ असं चिंतामणी सांगत होते आणि कमिटीतले बाकीचे सहाच्या सहा जण मान हलवत होते. उन्मेषच्या रडण्यावर दहा मिनिटं गेली. पोर रडलं का, हे कुणी विचारलं नाही.

ठराव क्रमांक सात — उन्मेष यांना वर्गाच्या जबाबदारीतून मोकळं करून मंडळाच्या चिपळूण शाखेत पाठवावं. वर्ष अर्ध्यावर असताना माणूस नाहीसा झाला तर लोक कुजबुजतील, म्हणून रीतसर निरोप समारंभ करावा. शाल, श्रीफळ, मानपत्र. सूचक राजाराम, अनुमोदक अवधूत. सर्वानुमते मंजूर.

चिपळूणला मुलं नाहीत का? हे मला घरी आल्यावर सुचलं. खरं तर तिथेच सुचलं होतं. पण चिटणिसाला मत नसतं. त्याने लिहायचं.


सोमवार, २३ जून

इतिवृत्त पक्कं करायला बसले तोच चिंतामणींचा फोन. ‘ताई, त्या विषयाचं फार काही घालू नका. एका पालकांचे पत्र वाचण्यात आले, एवढं पुरे.’

पुरे कसं? एकोणीस वर्षं मी हे दप्तर सांभाळते आहे. त्याआधी मंत्रालयात तीन सचिवांच्या बैठकांची टिपणं मी काढली. माझ्या इतिवृत्तातला शब्द कुणी बदलला नाही आणि बदलायची कुणाची हिंमतही झाली नाही. पत्र कधी आलं, तक्रार काय, कुणाविरुद्ध, संपूर्ण वाचून दाखवलं, कोण काय म्हणालं, ठराव काय झाला — सगळं घातलं. मुलाच्या नावाच्या जागी ‘वर्गातील एक विद्यार्थी’. पानांवर आकडे मी शाईने घालते, एकेचाळीस ते चव्वेचाळीस. जे घडलं ते लिहायचं नसेल तर चिटणीस कशाला हवा? वही टांगायला खुंटी पुरे.


मंगळवार, २४ जून

पोलिसांत कुणीतरी कळवायला हवं, असं दिवसभर वाटत राहिलं. कुणीतरी! किती सोयीचा शब्द आहे.


गुरुवार, २६ जून

गुरुपौर्णिमेच्या तयारीची सभा. नेहमीप्रमाणे आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं. वाचलं. चारही पानं, मुद्दाम स्पष्ट. ऐकतंय कोण! राजाराम गरम वड्याचे तुकडे करून फुंकर मारत होते. अवधूत मोबाइलवर. चिंतामणी उत्सवाच्या मांडववाल्याला खुणा करत होते. ‘कायम का?’ मी विचारलं. ‘कायम, कायम.’ वही फिरली. सात सह्या झाल्या. राजारामांच्या सहीशेजारी तेलाचा डाग आहे.

एवढं होऊन पुढे मानपत्राचा विषय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंडळात मानपत्र म्हटलं की मी. शंभर-सव्वाशे तरी लिहिली असतील. डॉक्टर, कीर्तनकार, नगरसेवक, निवृत्त झालेला पुजारी. खाली ‘शब्दांकन : कालिंदी’ असं छापायचं, हा माझा आग्रह, आणि तो मी सोडलेला नाही. आणि मानपत्र वर्गातल्या सगळ्यात शुद्ध वाणीच्या मुलाने वाचायचं ही पद्धतही मीच पाडली. मोठी माणसं वाचतात तेव्हा ‘श’ आणि ‘ष’ एकाच पोत्यात भरतात. मुलं छान वाचतात. पालक फोटो काढतात. हॉल भरतो.

मी नाही म्हटलं. या माणसासाठी एक ओळ लिहिणार नाही. कुणी वाद घातला नाही, याचाच जास्त राग आला. चिंतामणी म्हणाले, राहू दे, फाइलमधलं एखादं जुनं काढू. वाचणार कोण, तर राजाराम म्हणाले, ते मी बघतो.

शालीही जुन्याच. मंडळात येणाऱ्या शाली कपाटात जातात आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून परत येतात. उन्मेषसाठी काढली तिच्या घडीत मागच्या वर्षीच्या एका पाहुण्याच्या नावाचं चिठोरं निघालं. मी ते काढून टाकलं. सवय! नालायकाला द्यायची शालसुद्धा मी नीट घडी करून ठेवली.


रविवार, २९ जून

घरी आले ती थेट वही घेऊन बसले. सगळं लिहिते.

हॉल भरलेला. उन्मेष पांढऱ्या झब्ब्यात, मान खाली, नम्रतेचा पुतळा. बाया त्याच्या पाया पडत होत्या. ‘दादा, मुलांना तुमची सवय झाली हो.’ मी व्यासपीठाच्या कडेला, वही मांडीवर. निरोपाचंही इतिवृत्त लागतं ना!

शाल झाली, नारळ झाला. मग राजाराम माइकवर आले. ‘आता मानपत्राचं वाचन करेल आपल्या वर्गातला सगळ्यात शुद्ध वाणीचा विद्यार्थी —’ आणि नाव घेतलं.

त्या पोराचं नाव.

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. राजारामांनी परत घेतलं. दोनशे माणसं वळून मागे बघायला लागली. कुणी उठलं नाही. एक बाई म्हणाली, आले नाहीत वाटतं. राजाराम हसून म्हणाले, पाऊस फार आहे. मग चिंतामणींनी कागद हातात घेतला आणि स्वतःच वाचलं.

काय ते मानपत्र! ‘मुलांत मूल होऊन रमणारे’, ‘चिमण्या हातांना धरून नादब्रह्माच्या उंबरठ्याशी नेणारे’, ‘ज्यांच्या सावलीत बालमने निर्धास्त होतात’. कोणा गाढवाने लिहिलं असेल? गुळात बुडवून काढलेला एकेक शब्द. उन्मेषच्या मापाने शिवल्यासारखं होतं, म्हणून तर जास्त किळस आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘बालमने’ला सगळ्यात जास्त.

उतरल्यावर राजारामांना गाठलं. विचारलं, त्या मुलाचं नाव तुम्ही जाणूनबुजून घेतलंत? ते शांतपणे म्हणाले, ‘अहो ताई, त्यानेच वाचलं असतं तर विषयच संपला असता. कुणाच्या मनात काही राहिलं नसतं. मी शुक्रवारी स्वतः फोन केला होता त्याच्या आईला. काही बोलली नाही, म्हटलं येतील.’

त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. माणूस दगडाचा असतो असं म्हणतात ते खोटं. दगडाला निदान फोन करता येत नाही.


सोमवार, ३० जून

ती आली नाही कारण ती पोलिस चौकीत होती. काल, त्याच वेळी. मुलाला घेऊन.

राजारामांचा फोन तिने ऐकून घेतला, ठेवला, आणि ठरवलं. पत्र दिल्यापासून आठ दिवस बिचारी वाट बघत होती वडीलधाऱ्यांची. वडीलधाऱ्यांकडून निरोप आला तो हा — पोराला इस्त्रीचे कपडे घालून पाठवा, त्याच माणसाचं कौतुक वाचायला.

उन्मेषला आज सकाळी परळ डेपोत धरलं. चिपळूणच्या गाडीत बसत होता. शाल पिशवीत, नारळ पिशवीत. मानपत्राची गुंडाळी हातात. पोलिसांनी तीही जमा केली म्हणतात.


बुधवार, २ जुलै

शिवाजी पार्कला अवधूतांच्या घरी तातडीची सभा. इतिवृत्त लिहायचं नाही, असं दारातच सांगितलं. मग मला कशाला बोलावलं, ते पुढे कळलं.

पोलिसांनी चिंतामणींना एकच विचारलंय. तुम्हाला कधी कळलं? चिंतामणींनी बेधडक सांगून टाकलं — गुन्हा दाखल झाला तेव्हाच, आम्हालाही धक्का बसला. आता अवधूत कायदा सांगायला लागले. दहा दिवसांपूर्वी जो कायदा त्यांना आठवत नव्हता तो कलमांसकट! पोक्सो, कलम एकोणीस : मुलावर असं काही झालंय हे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. आई येईल, कमिटी बसेल, ठराव होईल, असलं काही नाही. कळवायचं. कलम एकवीस : नाही कळवलं तर तुरुंग. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं लपवलं तर जास्त, वर्षापर्यंत.

‘आणि बावीस तारखेचं इतिवृत्त?’ कुणीतरी विचारलं. तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना आठवलं की अशी एक वही असते. चिंतामणी म्हणाले, त्यात आहे तरी काय? मी म्हटलं, सगळं. वाचलं होतं मी. तुम्ही सह्या केल्यात.

त्यांचे चेहरे मी जन्मभर विसरणार नाही. मला हसू आलं. आवरलं नाही.

मग बेत. वही पावसात भिजली म्हणायचं. नवी वही, जानेवारीपासूनच्या सगळ्या सभा परत लिहायच्या, बावीस जून सोडून. सह्या सगळे परत करतील. फक्त अक्षर माझंच हवं. अवधूत किती गोड बोलले! ‘ताई, तुमच्यासारखं अक्षर मंडळात कुणाचं आहे?’

मी विचार करते म्हटलं. वही माझ्या घरी आहे. भिजलेली नाही.


गुरुवार, ३ जुलै

चिंतामणींच्या बायकोचा फोन. तासभर. ‘तुम्ही आम्हाला घरच्यासारख्या. यांना बीपी आहे. या वयात कोर्टाची पायरी चढवायची का?’ त्या पोराचं वय काय, हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘लहान आहे हो, विसरेल.’


शुक्रवार, ४ जुलै

आज खरं लिहिते. वही देणं सोपं नाही, कारण वहीत मीही आहे. पत्र वाचणारी मी, ठराव लिहिणारी मी. कळलं बावीस तारखेला. बावीस ते एकोणतीस मी काय केलं? इतिवृत्त पक्कं केलं, पानांवर आकडे घातले आणि शालीची घडी घातली. कलम एकोणीसमध्ये ‘चिटणीस वगळून’ असं लिहिलेलं नाही. अवधूतांच्या टेबलावर पुस्तक होतं, मी ते डोळ्यांनी वाचलं.

त्या सात जणांवर मी बारा दिवस दातओठ खाते आहे. आठवी खुर्ची रिकामी असल्यासारखी!

पेन्शन थांबेल का? शेजारी काय म्हणतील? या वयात पोलिस घरी येणार? सगळं मनात येऊन गेलं. म्हणजे चिंतामणींच्या बायकोला मी ज्याबद्दल नावं ठेवली तेच.


शनिवार, ५ जुलै

ती आज माझ्याकडे आली. गिरगावात, तीन जिने चढून. पत्ता कुणी दिला विचारलं तर म्हणाली, तुम्हीच दिला होता, वर्गात नाव घातलं तेव्हा, पावतीवर.

बसली नाही. पाणी दिलं ते हातात धरून उभी राहिली. वाटलं होतं, रडेल नाहीतर ओरडेल. तिने एकच विचारलं.

‘माझं पत्र तुम्ही वाचून दाखवलंत ना सगळ्यांना? मोठ्याने?’

हो म्हटलं.

‘पूर्ण?’

पूर्ण.

‘ते म्हणतात, असं पत्र आलंच नाही. मला वाटायला लागलं होतं की मीच दिलं नाही की काय. रात्री उठून वही उघडते, फाडलेल्या पानाखालच्या कागदावर ठसा दिसतो का म्हणून.’ मग पाणी प्यायली, पेला खाली ठेवला. ‘मुलगा विचारतो, आई, त्यांना सांगितलंस ना नीट? मी सांगते, हो.’

जाताना ती दारात चपला घालत होती तेव्हा मी म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, ‘ते नंतर बघू, काकू.’


सोमवार, ७ जुलै

वही दिली.

चौकीत नूपुर नावाची पोलिस अधिकारी आहे. तिशीची असेल. साधा पंजाबी ड्रेस, कारण मुलांशी बोलताना वर्दी घालायची नसते. तिनेच त्या पोराचा जबाब घेतलाय. टेबलाच्या खणात क्रेयॉनचा डबा दिसला. मी वही पुढे केली, एकेचाळीस ते चव्वेचाळीस पानं, सह्या, तेलाचा डाग. तिने एकेक पान सावकाश वाचलं. ठराव सातपाशी थांबली. ‘निरोप समारंभ? हे तुम्ही लिहूनही ठेवलंत?’

म्हटलं, आमच्याकडे सगळं लिहून ठेवतात.

‘काकू, तुम्ही वही दिलीत म्हणजे तुमचंही नाव यात येणार. कळलंय ना?’

कळलंय. पंचनामा झाला. वहीच्या पानापानावर माझी सही घेतली. बाहेर आले तेव्हा अंग हलकं वाटलं. बसने न येता दादरहून थेट लालबागपर्यंत चालत आले. बऱ्याच वर्षांनी स्वतःबद्दल बरं वाटलं. लिहायला हरकत नाही, खोटं कशाला बोलू! सात पुरुषांत एकटी बाई खरं बोलली. असं वाटत होतं.


गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. हॉलमध्ये गेलेच, का नाही जाऊ? माझी जागा कुणीतरी घेतलेली. ज्या बाया उन्मेषच्या पाया पडत होत्या त्या मला पाठ करून बसल्या. एकीने ऐकू जाईल असं म्हटलं, घरभेदी! घर! मुलांच्या अंगावर पडणारं छप्पर, त्याला हे घर म्हणतात.

चिंतामणींनी भाषण केलं. संस्थेवर संकट आलंय म्हणाले, श्रद्धेची परीक्षा आहे म्हणाले. पोराचा उल्लेख नाही. उन्मेषचाही नाही. ‘ते प्रकरण’ म्हणतात. कुणाचं तोंड विटाळू नये म्हणून गुन्हेगाराचं नाव घेत नाहीत. घ्यायचं नाही ते नाव मात्र राजारामांनी माइकवर दोनदा घेतलं होतं.

प्रसाद घेतला नाही.


मंगळवार, २२ जुलै

सगळ्यांवर गुन्हा दाखल झाला. चिंतामणींवर संस्थेचा प्रमुख म्हणून, बाकी सहा आणि मी, माहीत असून कळवलं नाही म्हणून. बातमी कळताच राजाराम छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात भरती. संध्याकाळी नातेवाइकांनी नेलेला शिरा खाल्ला म्हणे. अवधूत आता सांगत फिरतात की त्यांनी पहिल्याच सभेत कायदा समजावून सांगितला होता. सांगोत! अनुमोदक म्हणून त्यांचं नाव माझ्या अक्षरात आहे.

मलाही जामीन घ्यावा लागला. कोर्टात नाव पुकारलं. आरोपी क्रमांक आठ. मान ताठ ठेवली. तिथे ती होती, मागच्या बाकावर. माझ्याकडे बघून हसली नाही, पण सरकून जागा दिली. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.


गुरुवार, ३१ जुलै

नूपुरचा फोन. उद्या येऊन जा काकू, एक कागद दाखवायचाय. आवाज नेहमीसारखा नव्हता. पेपरात बातमी वाचून आणखी एक जण आलाय म्हणाली. गिरगावचा, वीस वर्षांचा. उन्मेष आमच्या गिरगाव शाखेत होता तेव्हाचा विद्यार्थी. उन्मेष २०१६ साली दादरला आला, वर्ष अर्ध्यावर असताना, एवढंच मला आठवतं. हुशार शिक्षक, मोठ्या हॉलवर आणला, असं आम्ही समजत होतो. म्हणजे तेव्हाही मूठ झाकलीच होती! गिरगावची माणसंही त्याच माळेचे मणी. कोण होते तेव्हा तिथे? उद्या एकेकाचं नाव सांगते तिला.


शुक्रवार, १ ऑगस्ट

कागद म्हणजे छापील मानपत्र. गिरगाव, सप्टेंबर २०१६. त्या मुलाने नऊ वर्षं जपून ठेवलेलं. ‘मुलांत मूल होऊन रमणारे.’ चिंतामणींनी वाचलं तेच, शब्दन् शब्द. खाली — शब्दांकन : कालिंदी.

‘वर्षाच्या मध्येच निरोप का, हे तेव्हा विचारलं होतंत?’ नूपुरने विचारलं. नाही. मजकूर कधीपर्यंत हवा आणि नाव खाली छापणार ना, एवढंच विचारलं होतं.

वाचलं त्यानेच होतं. अकरा वर्षांचा. आता आठवला. स्वच्छ वाणी. ‘ज्यांच्या सावलीत’पाशी थांबला. किती वेळ थांबला! मग घाईघाईने पुढचं वाचून संपवलं. व्यासपीठावरून उतरल्यावर मी त्याचा दंड धरून म्हटलं होतं, वाचन कच्चं ठेवलंस, सगळी शोभा घालवलीस.

त्याने जबाबात लिहून दिलंय — तिथे एक बाई होत्या, त्या ओरडल्या, म्हणून मी घरी काही सांगितलं नाही. बाईंचं नाव माहीत नाही.

नाव मी लिहून दिलं.